नेवाशाची बालदफने आणि अस्थिऊतीची साक्ष

छत्रपती संभाजीनगरहून (पूर्वीचे औरंगाबाद) अहिल्यानगरकडे जाताना गोदावरी ओलांडल्यावर प्रवरासंगम लागतो. तेथून जवळच, प्रवरेच्या काठी नेवासे आहे. डॉ. ह. धी. सांकळिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ ते १९५६ या काळात येथे उत्खनन केले. ताम्रपाषाणयुगीन थरात घरांच्या जमिनीखाली, दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यांत पुरलेली बालके आढळली. एका बालकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तिच्या दोऱ्याचे परीक्षण होऊन त्यात रेशीम व कापूस असल्याचे १९६१ मध्ये नमूद झाले.

धाग्याची अशी सूक्ष्म तपासणी झाली. अस्थींच्या वाट्याला मात्र मुख्यतः मोजपट्टी आली. १९६० च्या अहवालात सोफी एर्हार्ट यांचा सहभाग होता. याच विदुषी १९३८ पासून नाझी राजवटीच्या वंशशुद्धी संशोधन केंद्रात कार्यरत होत्या, हे विसरता येत नाही. १९६६ मधील केनेडी व मल्होत्रा यांचा अभ्यासही मानवमितीय व तुलनात्मकच होता. कवटीच्या मापांवरून वंश ठरविण्याच्या या खटाटोपात ते मूल कसे जगले, हा प्रश्न मागे पडला.

वस्तुतः क्लॉप्टन हॅवर्स यांनी १६९१ मध्येच अस्थीतील सूक्ष्म नलिकांचे वर्णन केले होते. घन अस्थीचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला असता रक्तवाहिनीच्या नलिकेभोवती समकेंद्री थर दिसतात. जुनी ऊती झिजून तिच्या जागी नवी रचली जात असल्याने अशा वर्तुळांची संख्या वयानुसार वाढते. एलिस कर्ली यांनी १९६५ मध्ये त्यावरून वयनिश्चितीची पद्धत मांडली. अर्भकांना ती लागू पडत नाही, कारण त्यांची अस्थी बव्हंशी प्राथमिक, अव्यवस्थित विणीची असते. त्यांचे वय मुख्यतः दातांवरून ठरवले जाते. परंतु उपासमार झाल्यास अस्थी आतील बाजूने झिजते, घन थर पातळ व सच्छिद्र होतो. भुकेची ही खूण कवटीच्या मापात सापडणारी नव्हे.

ही दिशा घोड नदीकाठच्या इनामगावच्या (जि. पुणे) अभ्यासात दिसते. तेथे १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन होऊन दोनशेहून अधिक दफने मिळाली. ग्वेन रॉबिन्स शुग व हॅविवा गोल्डमन यांनी २०१४ मध्ये तेथील बालकांच्या ऊर्वस्थींतील घन अस्थीची तपासणी करून कृशतेचा प्रश्न मांडला. इनामगावचा उत्तर जोर्वे काळ (सु. इ. स. पू. १००० ते ७००) हा शेतीच्या व वस्तीच्या उतरणीचा काळ मानला जातो.

नेवाशाच्या बालकांनाही हाच प्रश्न विचारता येण्याजोगा आहे. अडचणी दोन. मातीतील जीवाणू व बुरशी ऊतीत बोगदे पाडतात व मूळ रचना पुसट होते. शिवाय काप घेतला की हाडाचा तेवढा भाग कायमचा नष्ट होतो. आणि नवजात अर्भकाची संपूर्ण ऊर्वस्थीच जेमतेम साडेसात सेंटिमीटर लांब असते.