पागेची आग दोन पस्तीसला विझली

जपानी बोलण्यात 'दाइहोन-एइ हाप्प्यो' हा शब्दप्रयोग अजूनही कानावर येतो. शब्दशः अर्थ 'शाही सर्वोच्च सेनामुख्यालयाचे निवेदन'. व्यवहारातला अर्थ मात्र 'वरून आलेली, कोणीही विश्वास ठेवू नये अशी माहिती'. एखाद्या साहेबाने बुडत्या प्रकल्पाचे गुलाबी चित्र रंगवले की मागच्या खुर्चीवरून कोणीतरी हळूच हा शब्द टाकतो. २०११ साली फुकुशिमाच्या अणुभट्ट्यांबद्दल अधिकृत खुलासे येऊ लागले तेव्हाही तो वर्तमानपत्रांतून पुन्हा डोकावला. एके काळी लोक रेडिओसमोर अदबीने बसून जी निवेदने ऐकत, त्यांचेच नाव थापेला पर्यायशब्द होऊन बसले. हे कसे झाले ते जरा विस्ताराने पाहण्याजोगे आहे. या कथेतले सर्वांत दारुण प्रकरण आपल्या रोजच्या तोझाई लाइनच्या वाटेवर घडले. तिचे एक उपप्रकरण तर मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत घडले.

निवेदनांचा कारखाना

हे मुख्यालय १९३७ च्या नोव्हेंबरात, चीनशी युद्ध पेटल्यावर, स्थापन झाले. पुढच्याच महिन्यात, १३ डिसेंबरला, नानकिंग पडले. जपानभर कंदिलांच्या मिरवणुका निघाल्या. त्या शहरात नंतरच्या आठवड्यांत कैद्यांची आणि नागरिकांची जी कत्तल झाली, स्त्रियांवर जे अत्याचार झाले, त्यांचा अधिकृत निवेदनांत मागमूस नव्हता. इशिकावा तात्सुझो या लेखकाने चीनमध्ये जाऊन तिथल्या सैनिकांच्या वर्तनावर कादंबरी लिहिली. ती छापणारा 'चूओ कोरोन'चा १९३८ चा मार्च अंक जप्त झाला आणि लेखकाला शिक्षा झाली. सामान्य जपानी माणसाला नानकिंगची हकीकत कळली ती युद्ध संपल्यावर, तोक्यो खटल्याच्या वेळी. न्यायमूर्ती राधाविनोद पाल यांच्या भिन्न निकालामुळे आपल्याला ठाऊक असलेला तो खटला चालला इचिगायाला, लष्कराच्या ज्या इमारतीतून युद्ध चालवले गेले तिच्याच सभागृहात!

८ डिसेंबर १९४१ पासून १९४५ च्या ऑगस्टपर्यंत अशी ८४६ निवेदने निघाली. सुरुवातीची बरीचशी खरी होती, हे मुद्दाम सांगायला हवे. पर्ल हार्बर, सिंगापूर अशी सरशी चालू असताना खोटे बोलण्याची गरजच नव्हती. गरज पडली ती १९४२ च्या जूनमध्ये, मिडवेच्या लढाईनंतर. जपानची चार विमानवाहू जहाजे बुडाली होती. निवेदनात एक बुडाले आणि एकाचे मोठे नुकसान झाले असे आले. अमेरिकेचे एक बुडाले होते. निवेदनात दोन झाली.

मग भाषाही बदलली. १९४३ च्या फेब्रुवारीत ग्वादालकॅनालहून माघार घेतली तिला 'तेन्शिन' म्हटले गेले, म्हणजे दिशा बदलून पुढे जाणे. त्याच वर्षी मे महिन्यात आत्तू बेटावरची तुकडी जवळजवळ संपूर्ण मारली गेली. त्याला शब्द योजला 'ग्योकुसाई', रत्नाचे चूर्ण होणे. विजयाच्या बातमीआधी रेडिओवर आरमारी संचलनगीत वाजे आणि अशा बातमीआधी शोकगीत. शब्द ऐकायच्या आधीच श्रोत्याने कसे वाटून घ्यायचे ते ठरलेले असे. संपूर्ण युद्धाची बेरीज केली तर निवेदनांनुसार शत्रूची ८४ विमानवाहू जहाजे आणि ४३ युद्धनौका बुडाल्या. प्रत्यक्षात बुडाली ११ आणि ४.

आपलेच खोटे आपल्या गळ्यात

'लोकांचे मनोधैर्य टिकवण्यासाठी थोडे खोटे बोलावे लागतेच', असे समर्थन आजही ऐकू येते. त्याला उत्तर म्हणून १९४४ च्या ऑक्टोबरातले तैवानजवळचे हवाई युद्ध पुरेसे आहे. नवखे वैमानिक रात्रीच्या अंधारात हल्ला करून परतले. समुद्रावर दिसलेला प्रत्येक जाळ म्हणजे बुडालेले जहाज असे अहवाल आले. ते जसेच्या तसे वर चढले आणि अकरा विमानवाहू जहाजे बुडवल्याचे निवेदन निघाले. सम्राटांनी अभिनंदनाचा संदेशही काढला. खरी गोष्ट अशी, की एकही विमानवाहू जहाज बुडाले नव्हते. दोन क्रूझरांचे जबर नुकसान झाले होते, इतकेच. उलट जपानचीच तीनशेहून अधिक विमाने गेली होती.

काही दिवसांतच आरमाराला आपल्या आकड्यांची शंका आली. पण ती त्याने लष्कराला नीट कळवली नाही. शत्रूचे आरमार मोडले या समजुतीवर लष्कराने निर्णायक लढाई लुझोनऐवजी लेयते बेटावर देण्याचे ठरवले आणि तिकडे सैन्य लोटले. त्यातले बहुतेक परत आले नाहीत.

माझा व्यवसाय संगणक-प्रणालीचा असल्याने मला यात ओळखीचा दोष दिसतो. ज्या यंत्रणेत माहिती फक्त एका दिशेने वाहते, जिथे तपासणारा आणि सांगणारा एकच असतो आणि जिथे एकदा दिलेले उत्तर मागे घेण्याची सोय नसते, तिथे चूक कमी होत नाही; ती साठत जाते. आघाडीवरच्या फुगलेल्या आकड्याला प्रश्न विचारणे म्हणजे मेलेल्या वैमानिकांवर अविश्वास दाखवणे, असे तिथे मानले जाई. त्यामुळे प्रश्न विचारले गेले नाहीत. लोकांसाठी काढलेले निवेदन शेवटी ते काढणाऱ्यांनीच खरे मानले.

दहा मार्चची दुपार

आता आपल्या वाटेवरची गोष्ट. कासाईहून ओतेमाचीकडे निघालेली गाडी निशी-कासाई सोडून अराकावा ओलांडते आणि मिनामी-सुनामाची, तोयोचो, किबा, मोन्झेन-नाकाचो अशी स्टेशने घेते. हा सारा कोतो विभाग. ९ मार्च १९४५ च्या मध्यरात्रीनंतर, म्हणजे १० तारखेला, बी-२९ जातीची सुमारे तीनशे विमाने या भागावर आणि लगतच्या सुमिदा, आसाकुसा भागांवर खालून उडत आली आणि त्यांनी सोळाशे टनांहून अधिक आगलावे बॉम्ब टाकले. पहिले बॉम्ब बारा वाजून आठ मिनिटांनी पडले; हल्ल्याचा भोंगा वाजला सव्वाबाराला. जोराचा वारा होता, घरे लाकडाची होती. लोक कालव्यांत उतरले आणि तिथेही मेले. एका रात्रीत सुमारे एक लाख माणसे गेली, दहा लाखांहून अधिक बेघर झाली आणि शहराचा सुमारे ४१ चौरस किलोमीटर भाग जळाला.

इतकी माणसे वेळेत बाहेर का पडली नाहीत? याचे एक उत्तर पुन्हा सरकारी कागदांतच आहे. १९४१ साली सुधारलेल्या हवाई-संरक्षण कायद्याने नागरिकांना शहर सोडण्यास मनाई करण्याची तरतूद केली होती आणि आग विझवणे हे त्यांचे कर्तव्य ठरवले होते. बॉम्बची आग बादल्यांची रांग लावून विझवता येते, असे पुस्तिकांतून शिकवले जात होते. ज्यांनी या माहितीवर विश्वास ठेवला ते घरापाशी थांबले. ज्यांनी बादल्या टाकून पळ काढला, त्यांच्यापैकी कित्येक वाचले. सुरक्षिततेसाठी खेड्यांत नेलेली शाळकरी मुले होती, त्यांतली सहावीची मुले शाळेच्या निरोपसमारंभासाठी नेमकी त्याच सुमारास तोक्योला परतली होती. त्यांतली अनेक त्या रात्री दगावली.

त्या दिवशी दुपारी बारा वाजता मुख्यालयाने निवेदन काढले. त्याचा सारांश असा: सुमारे १३० बी-२९ विमानांनी राजधानीवर आंधळी बॉम्बफेक केली, त्यामुळे ठिकठिकाणी आगी लागल्या, राजवाड्याच्या अश्वविभागातली आग २ वाजून ३५ मिनिटांनी आणि बाकीच्या आगी सकाळी आठच्या सुमारास विझल्या, शत्रूची १५ विमाने पाडली, सुमारे ५० विमानांचे नुकसान केले.

वाचकहो, हे निवेदन पुन्हा एकदा सावकाश वाचावे. पाडलेल्या विमानांचा आकडा तर खऱ्याच्या बराच जवळ आहे. अमेरिकेने त्या रात्री १४ विमाने गमावली. आलेल्या विमानांचा आकडा निम्म्याहून कमी आहे, पण ते फार महत्त्वाचे नाही. महत्त्वाचे हे, की शाही पागेची आग मिनिटाच्या हिशेबाने नोंदली आहे आणि एक लाख माणसे 'बाकीच्या' या एका शब्दात गेली आहेत. मृतांचा उल्लेख नाही, बेघरांचा नाही.

बेघर मात्र डोळ्यांना दिसतच होते. 'रिसाई-शोमेइ' नावाचा, म्हणजे आपत्तीत सापडल्याचा दाखला हातात घेऊन लोक स्टेशनांवर गर्दी करीत होते. रेशन आणि रेल्वेचा प्रवास दोन्हींना तो लागे. अराकावाच्या या बाजूला, आजच्या कासाईत, तेव्हा शेती होती, कमळकाकडीची तळी होती, किनाऱ्याला नोरी पिकवत. १९४० साली तोक्योच्या शहरविभागांत ६७ लाखांवर लोक होते. १९४५ च्या अखेरीस २८ लाखांच्या आसपास उरले. हे निर्वासित जिथे जिथे गेले तिथे तिथे निवेदन खोटे पडत गेले.

गोदीतला स्फोट आणि सायगावचा रेडिओ

हे सारे जपानी लष्करशाहीचे वैगुण्य, असे म्हणून आपल्याला मोकळे होता येणार नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईत 'फोर्ट स्टायकिन' या जहाजाला आग लागली. जहाजात सुमारे १४०० टन दारूगोळा होता, त्याच्याच जोडीला कापसाच्या गासड्या, तेलाची पिंपे आणि सोन्याच्या विटा. दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. मांडवी आणि मस्जिद बंदरच्या वस्त्या पेटल्या. निरनिराळ्या हिशेबांनी ८०० ते १३०० माणसे मेली, त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. सुमारे ८० हजार लोक बेघर झाले. पुढे ढिगारे उपसायला आठ हजार माणसांना सात महिने लागले.

स्फोट शहराने ऐकला, पण सरकार काही सांगेना. जपानी सैन्य तेव्हा कोहिमा-इंफाळपर्यंत आलेले. त्यामुळे जपान्यांचा हल्लाच झाला अशी अफवा उठली. दुसऱ्याच दिवशी स्फोटाची तपशीलवार बातमी दिली ती सायगावच्या रेडिओने, म्हणजे जपानच्या ताब्यातल्या केंद्राने! भारतातल्या वार्ताहरांना बातमी बाहेर पाठवण्याची मुभा मिळाली ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. सुधीश घटक यांनी घेतलेले चित्रण लष्करी अधिकाऱ्यांनी जप्त केले. त्याचा काही भाग पुढे कधीतरी दाखवला गेला.

म्हणजे ज्या राजवटीने स्वतःच्या राजधानीतले लाख मृत्यू गिळले, तिचा रेडिओ मुंबईकरांना मुंबईची खरी बातमी सांगत होता. तो सत्यप्रिय होता म्हणून नव्हे, तर ते सत्य त्याच्या सोयीचे होते म्हणून. पुढे १९४५ मध्ये अमेरिकन विमानांनी जपानवर पत्रके टाकली, त्यांतही बरेच खरे होते. पत्रक सापडले तर पोलिसांत जमा करायचे, लघुलहरींवरचा रेडिओ ऐकायचा नाही, असा नियम होता. दोन्हीकडच्या प्रजेला आपल्या घरची बातमी शत्रूकडून घ्यावी लागली.

युद्धानंतर

युद्ध संपले तरी ही रीत संपली नाही. १९४५ च्या सप्टेंबरपासून अमेरिकन सेनेच्या वृत्तसंहितेचा अंमल सुरू झाला. इशिकावा कोयो या पोलीस खात्याच्या छायाचित्रकाराने दहा मार्चच्या रात्रीची आणि नंतरची छायाचित्रे घेतली होती. मुख्यालयाने निगेटिव्ह मागितल्या. त्याने त्या दिल्या नाहीत, अंगणात पुरून ठेवल्या. त्या रात्रीबद्दल आज डोळ्यांना जे दिसते, ते बरेचसे त्या पुरलेल्या पेटीमुळे.

सैनिकांना आणि त्यांच्या कुटुंबांना पुढे निवृत्तिवेतन मिळाले. हवाई हल्ल्यात होरपळलेल्या नागरिकांना तशी भरपाई नाही. युद्धाचे नुकसान सर्वांनीच सोसायचे असते, अशी न्यायालयांची भूमिका राहिली. २००७ साली तोक्योच्या हल्ल्यातून वाचलेल्यांनी आणि मृतांच्या नातलगांनी दावा लावला; २०१३ साली सर्वोच्च न्यायालयात तो कायमचा निकाली निघाला, त्यांच्या विरुद्ध. ज्यांच्या हुकमाने ते बॉम्ब पडले त्या जनरल कर्टिस लमे यांना मात्र १९६४ साली जपान सरकारने, हवाई दलाच्या उभारणीतील मदतीबद्दल, उगवत्या सूर्याचे मोठे पदक दिले. तोक्यो सरकारची स्मारक-संग्रहालयाची योजना १९९९ साली गोठली. तेव्हा लेखक साओतोमे कात्सुमोतो आणि इतरांनी लोकवर्गणीतून कोतो विभागात, किता-सुना येथे, संग्रहालय उभे केले. ते २००२ पासून चालू आहे. कासाईहून ते अगदी जवळ आहे. मुलांना घेऊन एकदा जरूर जावे.

पानिपतची बातमी पेशव्यांना मिळाली ती एका सावकारी पत्रातून, हे आपण शाळेत शिकलो. त्या सांकेतिक पत्रात बडे लोक मोती आणि मोहरा म्हणून मोजले होते आणि सामान्य शिपाई-बुणगे म्हणजे खुर्दा, ज्याची गणतीच नव्हती. तरी त्या सावकाराने निदान खुर्दा गेल्याचे नोंदवले. १० मार्चच्या निवेदनात तेवढेही नव्हते.

आजही रोज कुठल्या ना कुठल्या युद्धाचे अधिकृत निवेदन आपल्यापर्यंत येते, एका बाजूचे आणि दुसऱ्या बाजूचेही. त्यातला प्रत्येक आकडा तपासणे आपल्या आवाक्यात नाही. पण एक गोष्ट कोणालाही करता येते. निवेदनात काय मिनिटाच्या काट्यावर मोजले आहे आणि काय 'बाकीचे' म्हणून ढकलले आहे, ते पाहावे. पागा कोणाची आणि खुर्दा कोणाचा, एवढे ओळखता आले तरी निवेदन अर्धे वाचून झाले.