खेळण्यातला शिपाई : घडण, रंग आणि सांधे

गणेशचतुर्थी जवळ आली म्हणजे आपण मूर्ती ठरवावयास कारखान्यात जातो. तेथे शंभर मूर्ती ओळीने मांडलेल्या असतात, पण हात एकदम पुढे जात नाही. एखादी मूर्ती आपण जरा दुरून पाहतो आणि बरोबरच्या वडीलधाऱ्या माणसाला विचारतो, "कशी वाटते हो?" ते वडीलधारे गृहस्थ दोन गोष्टी पाहतात. एक घडण : बैठक भक्कम आहे ना, सोंडेचे वळण डौलदार आहे ना. दुसरी रंग, आणि रंगातही डोळ्यांची आखणी. डोळे साधले नाहीत तर बाकी सारे साधूनही मूर्ती मुकीच राहते. ही परीक्षा त्यांना कोणत्याही कलाशाळेत शिकविलेली नसते. ती नजरेने नजरेला दिलेली असते.

हीच नजर आज आपणांस एका निराळ्या वस्तूवर चालवून पाहावयाची आहे. ती वस्तू म्हणजे हातपाय हलणारा, खेळण्यातला शिपाई. इंग्रजीत त्याला 'ॲक्शन फिगर' म्हणतात. शहरातल्या दुकानांत ही खेळणी मिळतात, आणि जगभर मोठी माणसेही ती जपून ठेवतात, त्यांचे संग्रह करतात. मूर्तीला दोन कसोट्या पुरतात. याला तिसरी लागते. ती म्हणजे सांधे.

कोणी म्हणेल, पोरांच्या खेळण्याचा कसला आला आहे इतिहास? पण असे पाहा. राजाने शिलालेख कोरविला तो पुढच्यांनी वाचावा म्हणून. खेळणे मात्र कोणी पुढच्यांसाठी करीत नाही. समोरच्या पोराने हातात घ्यावे म्हणून करतो. म्हणूनच त्या काळच्या माणसाचे हात किती तयार होते आणि मुलांनी काय व्हावे असे त्याला वाटत होते, हे खेळणे फार मोकळेपणाने सांगून जाते.

सांध्यांचे खेळणे आजकालचे नव्हे. मोहेंजोदडो येथील उत्खननाला १९२२ साली आरंभ झाला. सिंधुसंस्कृतीच्या त्या अवशेषांत मातीचे बैल मिळाले, त्यांतल्या काहींची मान धडापासून वेगळी केलेली आहे. धडातून दोरा ओवून ती जोडावयाची. दोरा ओढला की बैल मान हलवणार. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या कुंभाराने पोळ्याच्या आपल्या मातीच्या बैलाच्या पुढे एक पाऊल टाकले होते, असेच म्हणावे लागते. पुढे ग्रीस देशात, विशेषतः कॉरिंथ शहराच्या परिसरात, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात भाजलेल्या मातीच्या बाहुल्या होत. त्यांचे हातपाय वेगळे करून भोकांतून दोऱ्याने किंवा तारेने धडाला अडकविलेले असत. काहींच्या हातांत टिपऱ्यांसारखे वाद्य आहे. म्हणजे बाहुली हलवली की ती नाचत असणार. त्या थडग्यांत सापडतात, तशा देवस्थानांतही सापडतात. तेव्हा ते खेळणे, की देवीला वाहिलेली वस्तू, हा वाद विद्वानांत आहे. आपल्याला त्यात नवल वाटू नये. आपल्याकडेही पोळ्याचा मातीचा बैल सकाळी पुजतात आणि संध्याकाळी तो पोरांच्या हाती असतो.

आता सांधा म्हणजे काय, हे जरा समजून घेऊ. शाळेत शरीरशास्त्राच्या धड्यात शिक्षक सांगतात : गुडघ्याचा तो बिजागरीचा सांधा, दारासारखा एकाच दिशेने उघडमीट करणारा, खांद्याचा तो उखळीचा सांधा, चोहोकडे फिरणारा, मानेचा तो खिळीचा, जागच्या जागी वळणारा. खेळणे घडविणाऱ्याने निसर्गाचे हेच तीन सांधे उचलले. दोरा ओवलेली मान ही त्यातली पहिली पायरी. पुढे युरोपातील चित्रकारांनी लाकडाची, सांधे हलणारी माणसे करविली, ती आपल्या कामासाठी. इटलीतील फ्रा बार्तोलोमेओ या चित्रकाराजवळ पुरुषभर उंचीचा असा लाकडी पुतळा होता, असे सोळाव्या शतकात व्हासारीने लिहून ठेवले आहे. पुतळ्याला हवी ती बैठक द्यावी, अंगावर वस्त्र घालावे आणि चुण्या कशा पडतात ते पाहून चित्र काढावे. जिवंत माणूस तासभर हात वर धरून उभा राहत नाही, लाकडाचा राहतो.

हा लाकडी पुतळा येथे सांगण्याचे कारण आहे. १९६३ साली अमेरिकेत स्टॅन वेस्टन नावाच्या गृहस्थाने एक कल्पना आणली, की मुलींसाठी बार्बी नावाची बाहुली १९५९ पासून खपते आहे, तर मुलग्यांसाठी शिपाई का करू नये? ऱ्होड आयलंड राज्यातील हॅसेनफेल्ड बंधूंच्या कंपनीने ती कल्पना एक लाख डॉलरला घेतली. हीच पुढे हॅसब्रो म्हणून प्रसिद्ध झाली. कंपनीतील डॉन लेव्हिन यांच्या नजरेस चित्रसाहित्याच्या दुकानातला सांध्यांचा लाकडी पुतळा पडला, आणि शिपाई कसा हलावा याचे उत्तर मिळाले, असे सांगतात. १९६४ साली 'जी. आय. जो' बाजारात आला. उंची साडेअकरा इंच, हलणारे भाग एकवीस. पायदळाचा सैनिक, खलाशी, मरीन आणि वैमानिक अशी चार रूपे.

एक अडचण मात्र होती. मुलगा बाहुलीशी कसा खेळेल? बापाला ते रुचेल का? म्हणून कंपनीत 'बाहुली' या शब्दालाच मज्जाव झाला आणि 'ॲक्शन फिगर' हा नवा शब्द पुढे आला. गंमत बघा. आपल्या भातुकलीत बाहुला आणि बाहुली दोघेही असतात, त्यांची लग्ने लागतात, वरपक्षाकडून भांडायला घरातले मुलगेही हजर असतात. मराठीत 'बाहुला' हा शब्द आयताच आहे. अमेरिकनांना तो नव्हता, म्हणून त्यांना नवे नाव शोधावे लागले. आणि सांध्यांनी त्या नावाला आधार दिला : हा नुसता सजवावयाचा नव्हे, हा काही तरी करणारा आहे.

आता कसोट्या लावून पाहू.

पहिली घडण. या शिपायाच्या अंगावर कापडी गणवेश असे. त्यामुळे कारागिराचे कसब दिसावयाचे ते चेहऱ्यात आणि हातांत. उजव्या गालावर एक व्रण कोरलेला असे. तो केवळ शौर्याची खूण नव्हे. माणसाच्या सामान्य आकृतीवर कोणाला मालकी सांगता येत नाही; व्रणावर सांगता येते. शिवाय उजव्या अंगठ्याचे नख भलत्याच बाजूला, आतल्या अंगाला आहे. नकला ओळखावयास आजही जाणकार आधी हा अंगठा पाहतात. दुसरी कसोटी रंग. आरंभी केस रंगविलेले असत. १९७० पासून बारीक तंतू चिकटवून खरखरीत केस आणि दाढी आली. तिसरी सांधे. येथे हा शिपाई खरा उतरतो. तो गुडघे टेकतो, बंदूक रोखतो, आणि सोडलेल्या अवस्थेत तसाच राहतो. सांध्याची परीक्षा हीच. तो हलला पाहिजे हे तर आहेच, पण थांबलाही पाहिजे. सैल सांधा आणि मोडका सांधा यांत फारसे अंतर नाही.

पण या तिन्ही गोष्टी एकमेकींशी नेहमी भांडत असतात, आणि या खेळण्याचा सगळा इतिहास म्हणजे त्या भांडणाचा निवाडा आहे. सांधे वाढवावे तर कोपरा-गुडघ्याशी आकृती तुटक दिसते. आकृती अखंड ठेवावी तर ती पुतळ्यासारखी उभी राहते. आणि सांध्यावर रंग द्यावा तर दोन भाग घासून तो उडतो. १९६४ च्या शिपायाने सांधे निवडले आणि तुटक अंग कापडाखाली झाकले. १९७३ नंतर खनिज तेल महागले, त्याबरोबर प्लॅस्टिकही महागले. १९७६ साली मोठा शिपाई अमेरिकेत बंद झाला. १९७७ साली 'स्टार वॉर्स' हा चित्रपट आला. केनर कंपनीने त्याच्या आकृत्या काढावयाचे ठरविले, पण नाताळापर्यंत माल तयार होईना. तेव्हा तिने चक्क रिकामी पेटी आणि आत एक हमीपत्र विकले! १९७८ साली त्या आकृत्या आल्या, त्या अवघ्या पावणेचार इंचांच्या. मान, दोन खांदे आणि दोन मांड्या असे पाचच सांधे. कपडे प्लॅस्टिकमध्येच कोरलेले. येथे घडण जिंकली, सांधे हरले.

१९८२ साली जी. आय. जो पुन्हा आला तो याच पावणेचार इंचांत, पण कोपर आणि गुडघे घेऊन. त्याच्या पोटात एक लहानसे रबरी कडे आहे. वरचे धड आणि खालचे पाय त्या कड्याने एकत्र ताणून धरलेले आहेत, आणि पाठीतला स्क्रू सगळे बांधून ठेवतो. मोहेंजोदडोच्या बैलाचा दोरा आठवा. युक्ती तीच, दोऱ्याच्या जागी रबर. १९८३ साली दंडालाही वळण दिले, तेव्हा कुठे शिपायाला दोन्ही हातांनी बंदूक नीट धरता येऊ लागली. दोष एवढाच, की रबर वर्षांनी वाळते, तुटते, आणि शिपाई कमरेत दोन होतो. कडे बदलले की पुन्हा उभा.

हे खेळणे घडते कसे, तेही थोडक्यात सांगतो. पूर्वी शिल्पकार मेणात किंवा मातीत मूळ नमुना पुष्कळदा दुप्पट आकारात करी. मग यंत्राने तो लहान करून पोलादी साचा होई. आता हे काम बहुधा संगणकावर होते. साच्याचे दोन भाग जेथे मिळतात तेथे एक बारीक रेघ उठते. ती चेहऱ्यावरून गेली असेल तर घडण हलकी समजावी. बाजूने, कानामागून नेली असेल तर कारागीर जाणता समजावा. अंगाचा रंग साचेबंद झाकण लावून फवारतात. डोळे मात्र मऊ रबरासारख्या गादीने छापतात : कोरलेल्या पत्र्यावरची शाई गादी उचलते आणि गोल चेहऱ्यावर दाबून ठेवते. ती केसभर सरकली की शिपाई तिरळा. पेणचा मूर्तिकार डोळ्यांपाशी श्वास धरतो. यंत्रालाही तेथेच घाम फुटतो.

या कथेत आपला भाग आहे, तो गोव्यात. १९८७ साली एम. आर. एफ. आणि हॅसब्रो यांच्या भागीदारीत फनस्कूल कंपनी स्थापन झाली आणि तिच्या गोव्याच्या कारखान्यात अमेरिकन साच्यांतून हेच शिपाई तयार होऊ लागले. साचा तोच, रंग मात्र पुष्कळदा निराळे. अमेरिकेत हिरवा असलेला गणवेश येथे भलत्याच रंगाचा निघे. आपल्या मुलांना त्यात काही वावगे वाटले नाही; त्यांनी मूळ प्रत कोठे पाहिली होती? आज मात्र परदेशातील संग्राहक हे भारतीय रंग मुद्दाम शोधतात. जो भेद एके काळी उणेपणा ठरला असता, तोच आता ओळख झाला आहे. पण आणखी एक पाहा. त्या साच्याच्या शिल्पकाराचे नाव शोधले तर सापडते. गोव्यात त्या शिपायाच्या भुवया रंगविणाऱ्या हातांची नावे मात्र पेटीवर नाहीत.

आणि येथेच इतिहासाच्या विद्यार्थ्याने बाजाराशी फारकत घ्यावी, असे मला वाटते. बाजारात सर्वांत जास्त किंमत येते ती न उघडलेल्या पेटीला, ज्या शिपायाचा सांधा एकदाही हलला नाही त्याला. १९६७ साली परिचारिकेची एक आकृती निघाली होती. मुलांनी ती घेतली नाही, म्हणून ती दुर्मिळ झाली आणि म्हणून आज महाग आहे. संग्राहकाचे चूक आहे असे नाही. त्यांनी जपले म्हणून तर आपण पाहू शकतो. परंतु उडालेला रंग, सैल झालेला खांदा, दातांनी चावलेला अंगठा हेही पुरावेच आहेत. न उघडलेली पेटी कंपनीचा इतिहास सांगते. झिजलेला शिपाई पोराचा इतिहास सांगतो. मोठी माणसे मुलाला काय व्हायला सांगत होती हे पहिलीत आहे; मुलाने त्याचे काय केले हे दुसऱ्यात आहे. व्हिएतनामच्या युद्धाला अमेरिकेत विरोध वाढला, तेव्हा शिपाई नको झाला आणि १९७० साली कंपनीने त्यालाच संशोधक, साहसी प्रवासी केले. अंग तेच, सांधे तेच. फक्त कामगिरी बदलली.

शिक्षक बंधुभगिनींना शेवटी एक विनंती. अमेरिकेच्या या लहानशा शिपायाचा अंगठा कोणत्या बाजूला आहे, येथवर नोंदी झाल्या आहेत. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांची, पिंगुळीच्या ठाकर कलावंतांच्या कळसूत्री बाहुल्यांची, आपल्या गावच्या कुंभाराच्या बैलाची अशी नोंद आपण किती केली? काम अवघड नाही. एक वही घ्या, तीन रकाने आखा : घडण, रंग, सांधे. मुलांना घरातली जुनी खेळणी आणावयास सांगा. कोणत्या लाकडाचे, मातीचे, कापडाचे ते विचारा. रंग कोठे उडाला ते पाहा. सांधा दोऱ्याचा की खिळ्याचा ते लिहा. आणि चौथा एक रकाना जरूर ठेवा, जो त्या शिपायाच्या पेटीवर राहून गेला : केले कोणी? त्या माणसाचे नाव अजून गावात कोणाला तरी ठाऊक असेल, तोवरच तो भरता येईल.