गॅसजोडणीविना नवी घरे : बर्कलीचा नियम आणि त्याचे भवितव्य

मुंबई-पुण्यातील कुटुंबांना स्वयंपाकघरात नळाने येणारा गॅस ही मोठी सोय वाटते. जगातील काही शहरांनी मात्र नव्या इमारतीत गॅसची नळी येऊच नये, असा नियम केला. अमेरिकेत याचा प्रारंभ कॅलिफोर्नियातील बर्कली या विद्यापीठनगरीने केला. १६ जुलै २०१९ रोजी तेथील नगर परिषदेने एकमताने असा नियम संमत केला आणि १ जानेवारी २०२० पासून तो लागू झाला. जुन्या घरांतील शेगड्यांना त्यात हात लावलेला नव्हता. बंदी होती ती केवळ नव्या बांधकामात गॅसवाहिनी टाकण्यावर.

नव्याच इमारती का?

इमारत पन्नास-साठ वर्षे उभी राहते. आज भिंतीत टाकलेली गॅसची नळी तेवढा काळ तेथील रहिवाशांना त्याच इंधनाशी बांधून ठेवते आणि पुढे ती बदलायची झाल्यास खर्च अनेक पटींनी वाढतो. बांधकामाच्या वेळीच विजेची सोय करणे त्या मानाने सोपे, असा समर्थकांचा युक्तिवाद आहे.

अमेरिकेतील घरांत गॅसचा मोठा वापर खोल्या उबदार ठेवण्यासाठी आणि पाणी तापविण्यासाठी होतो. हे काम विजेवर चालणारा हीट पंप करू शकतो. हा पंप उष्णता निर्माण करीत नाही, तर बाहेरच्या हवेतील उष्णता आत आणतो. म्हणूनच एक एकक विजेच्या मोबदल्यात तो साधारणपणे दोन ते चार एकके उष्णता देऊ शकतो. गॅसच्या बॉयलरला मात्र इंधनात जेवढी ऊर्जा असते तेवढीही पूर्ण देता येत नाही. शिवाय नैसर्गिक वायूचा मुख्य घटक असलेला मिथेन गळतीतून हवेत गेल्यास वीस वर्षांच्या काळात कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटीहून अधिक तापमानवाढ घडवितो. शेगडीच्या ज्योतीतून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड बंद खोलीतील हवा दूषित करतो, तो भाग वेगळाच. भूकंपप्रवण कॅलिफोर्नियात सुरक्षिततेचा मुद्दाही होता. २०१० मध्ये सॅन ब्रुनो येथे गॅसवाहिनीचा स्फोट होऊन आठ जणांचा बळी गेला होता.

आक्षेप आणि न्यायालयाची वाट

विरोधकांचे म्हणणेही दुर्लक्षिण्यासारखे नव्हते. चिनी पद्धतीच्या कढईतील पदार्थांना ज्योतीची धग लागते, असे उपाहारगृहचालकांनी सांगितले. कॅलिफोर्नियात वीज महाग आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये वणव्यांच्या भीतीने राज्याच्या उत्तर भागात लाखो ग्राहकांचा वीजपुरवठा मुद्दाम तोडण्यात आला, तेव्हा सर्वस्वी विजेवर विसंबणे कितपत शहाणपणाचे, हा प्रश्न अधिकच टोकदार झाला.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्निया रेस्टॉरंट असोसिएशनने दावा दाखल केला. १९७५ च्या ऊर्जा धोरण व संवर्धन कायद्याने उपकरणांच्या ऊर्जावापराचे निकष ठरविण्याचा अधिकार केंद्राकडे दिला आहे, हा त्यांचा आधार होता. आपण उपकरणांवर नव्हे, केवळ नळीवर बंदी घातली आहे, असे शहराचे उत्तर होते. कनिष्ठ न्यायालयाने २०२१ मध्ये दावा फेटाळला. परंतु १७ एप्रिल २०२३ रोजी नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने हा निर्णय फिरविला. नळीच नसेल तर शेगडी चालणार कशी, तेव्हा हा नियम अप्रत्यक्षपणे उपकरणांवरीलच निर्बंध ठरतो, असा त्याचा आशय होता. जानेवारी २०२४ मध्ये फेरसुनावणीची विनंतीही नाकारली गेली आणि त्याच वर्षी शहराने हा नियम मागे घेण्याचे मान्य केले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मोठ्या इमारतींतील गॅसवापरावर कर लावण्याचा प्रस्ताव बर्कलीच्या मतदारांनीच नामंजूर केला.

दरम्यान, अॅरिझोनाने २०२० मध्ये शहरांना अशी बंदी घालता येणार नाही, असा कायदा केला आणि पुढे वीसहून अधिक राज्यांनी तोच मार्ग धरला.

दुसऱ्या वाटा

न्यूयॉर्क शहराने २०२१ मध्ये वेगळी रचना निवडली. तेथे नळीवर बंदी नाही, तर नव्या इमारतीत जाळल्या जाणाऱ्या इंधनातून किती कार्बन बाहेर पडावा, याला मर्यादा आहे. रुग्णालये व व्यावसायिक स्वयंपाकघरांना सवलत आहे. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय जिल्हा न्यायालयाने हा कायदा वैध ठरविला. न्यूयॉर्क राज्यानेही २०२३ मध्ये स्वतंत्र कायदा केला. जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयाने तोही उचलून धरला. मात्र अपिलाचा निकाल लागेपर्यंत अंमलबजावणी थांबविण्यास राज्याने नोव्हेंबर २०२५ मध्ये संमती दिली.

नेदरलँड्सची गोष्ट निराळी आहे. ग्रोनिंगेन येथील अवाढव्य वायुसाठ्यातून दशकानुदशके उपसा झाल्याने जमीन हादरू लागली. २०१२ मध्ये हुइझिंगे येथे ३.६ तीव्रतेचा धक्का बसला आणि परिसरातील घरांना तडे गेले. नव्या घराला गॅसजोडणी देणे तोपर्यंत कायद्याने बंधनकारक होते. संसदेने ते बंधनच काढून घेतले आणि १ जुलै २०१८ पासून नव्या घरांना गॅसजोडणी न देणे हा नियम झाला. तेथे आता अडचण आहे ती वीजवाहिन्यांवरील ताणाची. अनेक भागांत नव्या वीजजोडणीसाठी ताटकळावे लागते.

यावरून दोन गोष्टी दिसतात. पहिली, घराघरांतील चूल बदलण्याचा लाभ वीज कशापासून तयार होते यावर अवलंबून असतो. कॅलिफोर्नियात सौर, जल व अणुविजेचा वाटा मोठा आहे, तर भारतात बहुतांश वीज अजूनही कोळशापासून होते. म्हणून एका ठिकाणचा हिशेब दुसरीकडे जसाच्या तसा लागू होत नाही. दुसरी, उद्दिष्ट कितीही योग्य असले तरी नियम करणाऱ्याला तसा अधिकार असावा लागतो. हवामानबदलाचे शास्त्र खोटे ठरले म्हणून बर्कलीचा नियम कोसळला नाही. त्या शहराच्या अधिकाराची सीमा कोठे संपते, या एका प्रश्नावर तो कोसळला.