पालेभाजी, बुरसलेलं गवत आणि सासूबाईंची गोळी



चातुर्मास लागला की आपल्याकडे पालेभाजी बंद. मेथी, पालक, चाकवत, सगळं थेट कार्तिकानंतर. सासूबाईंची हृदयाची झडप बदलली, त्यानंतरच्या पहिल्याच चातुर्मासात त्यांनी नेहमीसारखा नियम घेतला. रक्त न गोठण्यासाठी वॉरफरीनची गोळी रोज चालू होती. महिनाभरात दंडावर काळेनिळे डाग दिसले, दात घासताना रक्त येऊ लागलं. डॉक्टरांनी विचारलं, "खाण्यात काय बदललं?" मी म्हटलं, "काहीच नाही." पालेभाजी सोडणं हाही बदल असतो, हे माझ्या मनातच आलं नाही.

मग मी या गोळीची हकीकत शोधून वाचली.

१९२९ च्या सुमारास कोपनहेगनमध्ये हेन्रिक डाम कोलेस्टेरॉलचा अभ्यास करत होते. स्निग्धांश काढलेलं खाणं दिलेल्या कोंबडीच्या पिल्लांच्या कातडीखाली रक्त साचू लागलं, आणि ते गोठेना. (हे वाचताना जीव कळवळला, खोटं कशाला सांगू.) कोलेस्टेरॉल परत देऊन पाहिलं, लिंबाचा रस दिला, गुण नाही. हिरव्या पानांत असणारं काहीतरी कमी पडत होतं. १९३५ मध्ये डाम यांनी त्याला 'के' म्हटलं, कारण त्यांच्या भाषेत गोठण्याचा शब्द 'के'पासून सुरू होतो. १९४३ चं नोबेल त्यांना आणि अमेरिकेतल्या एडवर्ड डॉइझींना मिळालं. नवजात बाळाच्या अंगात हे 'के' फारच थोडं असतं. जन्मल्यावर बाळाच्या मांडीत सुई देतात, ती याचीच.

गोळीची गोष्ट मात्र गोठ्यातली. १९२० च्या दशकात अमेरिका-कॅनडात गाई रक्तस्रावाने मरू लागल्या. शिंग कापल्याचं निमित्त, की रक्त थांबायचंच नाही. कारण निघालं स्वीट क्लोव्हर नावाच्या चाऱ्याला लागलेली बुरशी. १९३३ च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनचा एक शेतकरी मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त आणि तो चारा घेऊन कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोहोचला. चाऱ्यातलं ते द्रव्य वेगळं काढायला लिंक यांच्या माणसांना सहा वर्षं लागली. ते शरीरात 'के'चं काम अडवतं. त्याच्याच जातीचं वॉरफरीन १९४८ मध्ये बाजारात आलं ते उंदरांचं विष म्हणून! माणसांचं औषध झालं १९५४ मध्ये.

म्हणजे गोळी 'के'ला अडवते आणि पालेभाजी 'के' पुरवते. डॉक्टर या दोन्हींचा मेळ घालून मात्रा ठरवतात. आम्ही एक बाजू गुपचूप काढून घेतली होती.

सासूबाईंनी नियम सोडला नाही. पुढच्या वर्षी आषाढाआधीच डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी वरचेवर रक्त तपासून मात्रा बदलली. कार्तिकानंतर मी मेथी निवडायला बसले, तर त्या म्हणाल्या, "थांब, आधी डॉक्टरांना फोन लाव. आता गोळी कमी पडेल."