पीवायपीएल निर्देशांक

पीवायपीएल निर्देशांक हा संगणकाच्या प्रोग्रॅमिंग भाषांची लोकप्रियता मोजणारा एक निर्देशांक आहे. पिएर कार्बोनेल यांनी तो तयार केला. एखाद्या भाषेचे पाठ गूगलवर किती प्रमाणात शोधले जातात, यावरून तिचे स्थान ठरते. मूळ आकडेवारी गूगल ट्रेंड्स या सेवेतून घेतली जाते. २०१८ मध्ये या निर्देशांकात पायथनने जावाला मागे टाकून पहिले स्थान मिळवले.

टायोबी या डच कंपनीच्या निर्देशांकात पायथन प्रथम स्थानी पोहोचली ती ऑक्टोबर २०२१ मध्ये. हे अंतर मोजणीतील भेदामुळे समजण्याजोगे आहे. टायोबी भाषेचा उल्लेख असलेली पाने मोजते, आणि जुनी पाने वर्षानुवर्षे टिकून राहतात. पीवायपीएल मात्र त्या काळात होणारे शोध मोजतो.

== मोजणीची पद्धत ==
‘जावा ट्युटोरियल’ यांसारख्या इंग्रजी शब्दजोडीचे शोध विचारात घेतले जातात. नुसते भाषेचे नाव पुरेसे नसते, कारण जावा हे बेट आहे, पायथन हा अजगर, तर रूबी म्हणजे माणिक. तरीही संदिग्धता पूर्णपणे जात नाही. रस्ट नावाचा एक व्हिडिओ गेमही आहे आणि त्याचेही पाठ शोधले जाऊ शकतात.

गूगल ट्रेंड्स शोधांची प्रत्यक्ष संख्या देत नाही. त्या प्रदेशातील व काळातील एकूण शोधांशी असलेले प्रमाण काढून सर्वोच्च बिंदूस १०० मानले जाते. ही आकडेवारी २००४ पासूनची आहे. त्यानंतर क्रिकेट, चित्रपट, पाककृती शोधणारे कोट्यवधी लोक आंतरजालावर आले. त्यामुळे एखाद्या भाषेचा आलेख उतरला, तरी ती शिकणारे घटले असे म्हणता येत नाही. पीवायपीएल भाषांची आपसांतच तुलना करून ही अडचण बरीचशी टाळतो. परंतु एकूण वाटा शंभर टक्केच असल्याने एकीची वाढ म्हणजे इतरांची घट, हे ओघानेच येते.

== मर्यादा ==
पाठ शोधतो तो बहुधा नवशिका. म्हणून हा निर्देशांक भाषेच्या वापरापेक्षा ती शिकण्याच्या इच्छेचा निदर्शक ठरतो. केवळ त्यावरून अभ्यासाची भाषा निवडणाऱ्या विद्यार्थ्याने हा भेद ध्यानात घ्यावयास हवा. १९५९ मध्ये आखणी झालेल्या कोबोलचे पाठ आज फारसे कोणी शोधत नाही. तथापि अनेक बँकांचे व्यवहार तिच्यावर चालतात. एप्रिल २०२० मध्ये बेरोजगारी भत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला, तेव्हा अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याचे गव्हर्नर फिल मर्फी यांना कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांसाठी जाहीर आवाहन करावे लागले.

भारतासाठी पीवायपीएलची स्वतंत्र क्रमवारी दिली जाते. मात्र देवनागरीत ‘पायथन मराठीतून’ असा शोध घेणारा विद्यार्थी त्या इंग्रजी शब्दजोडीत बसत नाही. यूट्यूबवरील शोधही ट्रेंड्समध्ये वेब-शोधांपासून वेगळे मोजले जातात.