कोयना खोरे : धरणापूर्वीचा नकाशा

महाबळेश्वराजवळ उगम पावणारी कोयना सह्याद्रीच्या मुख्य धारेला समांतर अशी सुमारे ६५ किलोमीटर दक्षिणेकडे वाहते, हेळवाकजवळ काटकोनात पूर्वेकडे वळते आणि कऱ्हाड येथे कृष्णेस मिळते. या दक्षिणोत्तर दरीचा मोठा भाग आज शिवसागर जलाशयाखाली आहे. दरीचा तळ पाहावयाचा तर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या स्थलनिर्देशक नकाशांकडेच वळावे लागते.

एक इंचास एक मैल (१:६३,३६०) या प्रमाणाच्या त्या नकाशांत कोयनेचे खोरे ४७-जी या क्रमांकाखाली येते. निळ्या रेषेने नदी, पिवळ्या रंगात शेती, हिरव्यात रान, तांबड्यात वस्ती आणि तपकिरी समोच्च रेषांनी डोंगरउतार दाखविलेले असतात. या समोच्च रेषाच सर्वांत बोलक्या. धरणाची आजची पूर्ण संचय पातळी २१६३.५ फूट आहे. जुन्या पत्रकावर २२०० फुटांची रेषा शोधून तिच्या किंचित खालून बोट फिरविले, की थेट तापोळ्यापर्यंत पसरलेल्या जलाशयाचा काठ उमटतो. त्या रेषेच्या आतील पिवळा पट्टा म्हणजे बुडालेली शेती.

धरणासाठी हीच दरी का निवडली गेली, याचे उत्तरही तेथेच आहे. पश्चिमेस समोच्च रेषा इतक्या दाटतात, की एकमेकींत मिसळल्यासारख्या दिसतात. तो कोकणात उतरणारा कडा. डोंगरातून बोगदा काढून हे पाणी पश्चिमेस सोडण्यात आले आणि १९६२ मध्ये पोफळी येथे वीजनिर्मिती सुरू झाली. १०३ मीटर उंचीच्या या धरणाची साठवणक्षमता आता १०५.२५ टीएमसी आहे.

विस्थापितांना सातारा, सांगली, सोलापूर, ठाणे आणि रायगड जिल्ह्यांत जावे लागले. राज्याचा पुनर्वसन कायदा १९७६ मध्ये झाला; गावे उठली तेव्हा त्याचा आधार नव्हता. जमिनीच्या दाव्यात मात्र या नकाशाचा उपयोग मर्यादितच. त्यात गावाचे नाव, देऊळ, विहीर, पाऊलवाट सापडते. शेताचा बांध आणि खातेदाराचे नाव सापडत नाही. त्यासाठी सातबाराचा जुना उतारा आणि महसूल खात्याचा गावनकाशा लागतो. धरणानंतर निघालेल्या १:५०,००० प्रमाणाच्या पत्रकांत तर त्या गावांच्या जागी निळा रंग आहे.