मराठेकालीन मिती आणि संगणकीय तारीख : कालगणनेच्या रूपांतराचा एक ऐतिहासिक विचार

बीजशब्द : मिती, शालिवाहन शक, शुहूर सन, जंत्री, ज्युलियन व ग्रेगोरियन कालगणना, डेटाबेस

१. प्रस्तावना

इतिहासाच्या अभ्यासात कालनिर्णयास पायाचे स्थान आहे. घटनांचा क्रम निश्चित झाल्याखेरीज त्यांचा कार्यकारणसंबंध सांगता येत नाही. मराठ्यांच्या इतिहासाच्या अस्सल साधनांत शालिवाहन शक, शुहूर सन, हिजरी सन, फसली सन आणि राज्याभिषेक शक अशा अनेक कालगणना एकाच वेळी वापरलेल्या आढळतात. अशा कागदपत्रांच्या सूची आज संगणकावर तयार होतात. त्यासाठी डेटाबेसमध्ये ‘तारीख’ या प्रकारचा एक रकाना ठेवला जातो आणि संगणकीय आज्ञावली त्या रकान्यावरून क्रम लावते, वार काढते, दोन घटनांमधील अंतर मोजते. हा रकाना कोणत्या कालगणनेचा आहे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. तो न विचारल्यास अस्सल पुराव्याचे कोणते नुकसान होते आणि ते कसे टाळता येईल, याचा विचार करणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

२. संगणकाची कालगणना : ऐतिहासिक पार्श्वभूमी

पोप तेरावे ग्रेगरी यांच्या आज्ञेनुसार १५८२ साली ४ ऑक्टोबरनंतरचा दिवस १५ ऑक्टोबर मानण्यात आला. पोर्तुगालने ही सुधारणा त्याच वर्षी स्वीकारली. इंग्लंडने ती १७५२ पर्यंत लांबवली. तेथे २ सप्टेंबर १७५२ नंतर एकदम १४ सप्टेंबर आला. शिवाय तोपर्यंत इंग्रजांचे कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असे.

संगणकाच्या तारखांवर या इतिहासाचा ठसा आहे. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमधील ‘डेटटाइम’ हा जुना प्रकार १ जानेवारी १७५३ पूर्वीची तारीख स्वीकारतच नाही, याचे मूळ इंग्लंडच्या १७५२ च्या बदलात आहे. एक्सेलची तारीख १९०० पासून सुरू होते. युनिक्स प्रणाली १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजते. पोस्टग्रेएसक्यूएल व मायएसक्यूएल हे डेटाबेस सतराव्या शतकातील तारीख स्वीकारतात, परंतु ते ग्रेगोरियन नियमच मागे वाढवून सर्व भूतकाळास लावतात. म्हणजे काही साधने शिवकाल नाकारतात, तर काही तो स्वीकारून निमूटपणे दुसऱ्याच कालगणनेत बसवतात. दुसरा प्रकार अधिक धोक्याचा आहे. कारण तेथे चूक झाल्याची सूचना मिळत नाही.

३. दहा दिवसांचे अंतर आणि वाराची कसोटी

शिवाजी महाराजांच्या जन्माची मिती जेधे शकावलीनुसार फाल्गुन वद्य ३, शके १५५१, शुक्रवार अशी आहे. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली ही शकावली प्रसिद्ध केल्यानंतर जन्मतिथीच्या वादास नवे वळण लागले. या मितीची १९ फेब्रुवारी १६३० ही सर्वमान्य तारीख ज्युलियन आहे. ग्रेगोरियन पद्धतीने तोच दिवस १ मार्च १६३० होय. आता १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख डेटाबेसमध्ये घालून आज्ञावलीस वार विचारल्यास उत्तर मंगळवार असे येते. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीखही ज्युलियन असून त्या दिवशी शनिवार होता. संगणक मात्र बुधवार सांगतो.

येथे केवळ दहा दिवसांचा प्रश्न नाही. कागदावरील तिथी आणि वार परस्परांशी जुळतात की नाही, ही कागदाचा अस्सलपणा पारखण्याची एक जुनी कसोटी आहे. बनावट कागद करणारा बहुधा येथेच चुकतो. रूपांतराचा नियम चुकला, तर अस्सल कागद संशयित ठरेल आणि बनावट कागद कदाचित निर्दोष सुटेल.

क्रमाच्या बाबतीतही हेच घडते. सतराव्या शतकातील गोव्याच्या पोर्तुगीज पत्रांवर ग्रेगोरियन, तर सुरत व मुंबईच्या इंग्रज पत्रांवर ज्युलियन तारीख असते. गोव्यात १३ जून १६७४ रोजी लिहिलेले पत्र हे मुंबईत ६ जूनला लिहिलेल्या पत्राच्या तीन दिवस आधीचे ठरते. संगणकीय सूचीत मात्र ते सात दिवस नंतर लागेल. वार्ता कोणास आधी कळली, यावर आधारलेला निष्कर्ष त्यामुळे उलटा होऊ शकतो.

कालावधी मोजतानाही फरक पडतो. राज्याभिषेकापासून पानिपतच्या युद्धापर्यंत, म्हणजे ज्युलियन ६ जून १६७४ पासून ग्रेगोरियन १४ जानेवारी १७६१ पर्यंत, ३१,६२३ दिवस होतात. दोन्ही तारखा एकाच रकान्यातून वाचणारी आज्ञावली ३१,६३३ हे उत्तर देईल.

४. मितीची स्वतःची गुंतागुंत

देशी कालगणनेत याहून सूक्ष्म प्रश्न आहेत. शकवर्ष चैत्रात सुरू होते. त्यामुळे शके १५५१ मध्ये सरसकट ७८ मिळवल्यास १६२९ हे वर्ष येते, परंतु त्या शकाचा फाल्गुन १६३० मध्ये पडतो. अधिक मासामुळे एकाच वर्षात एकाच नावाचे दोन महिने येतात. तिथीचा क्षय व वृद्धी होत असल्याने तिथी हा केवळ क्रमांक मानता येत नाही.

शुहूर सन सूर्याच्या मृग नक्षत्रातील प्रवेशापासून सुरू होतो. त्याचे आकडे अरबी शब्दांत लिहिले जातात. उदाहरणार्थ, ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे १, ६०, १०० व १०००, मिळून ११६१ होय. पानिपतचे युद्ध या वर्षातले आहे. हे वर्ष सौर असले तरी त्यातील महिने व दिवस हिजरी, म्हणजे चांद्र असतात. चांद्र वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान असल्यामुळे शुहूर सनाच्या एकाच वर्षात काही चांद्र दिनांक दोनदा येतात. म्हणून सन, महिना व दिवस तिन्ही ठाऊक असूनही कधी कधी दिवस निश्चित होत नाही. एका मितीस एकच उत्तर गृहीत धरणारी आज्ञावली येथे अपुरी पडते.

दिवसाचा आरंभ हा आणखी एक मुद्दा आहे. जेधे शकावलीनुसार महाराज सिंहासनावर बसले ते ज्येष्ठ शुद्ध १२, शुक्रवारी, तीन घटका रात्र उरली असता. रूढ मिती मात्र ज्येष्ठ शुद्ध १३ आहे. देशी दिवस सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत चालतो, म्हणून ती पहाट शकावलीकारास शुक्रवारचीच होती. मध्यरात्रीपासून दिवस मोजणाऱ्यास ती शनिवारची ठरते. दोन्ही नोंदी आपापल्या जागी बरोबर आहेत.

५. जंत्रीकारांचा धडा

हे प्रश्न संगणकाने निर्माण केलेले नाहीत. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी रॉबर्ट सिवेल यांच्या सहकार्याने १८९६ साली भारतीय पंचांगावरील इंग्रजी ग्रंथ सिद्ध केला. मिती व तारीख यांचा मेळ घालण्याची कोष्टके त्यातून अभ्यासकांना मिळाली. पुढे ग. स. खरे यांच्या जंत्रीने शिवकालाच्या अभ्यासकांची मोठी सोय केली. जंत्रीत कालगणना शेजारी-शेजारी मांडलेल्या असतात. एक लिहिताना दुसरी पुसली जात नाही.

हीच शिस्त डेटाबेसमध्ये आणता येईल. त्यासाठी किमान पाच रकाने ठेवावेत : कागदावरील मिती जशीच्या तशी मजकूर म्हणून, तिची कालगणना, रूपांतरित दिवसाची ज्युलियन दिनसंख्या, रूपांतराचा आधार, आणि निश्चितीची मर्यादा. दिनसंख्या ही जोसेफ स्कॅलिजर यांनी १५८३ साली मांडलेल्या ज्युलियन कालचक्रावर आधारित अखंड मोजणी आहे. ती इसवी सनपूर्व ४७१३ च्या १ जानेवारीपासून चालते आणि कोणत्याही पंचांगाच्या बदलाने तुटत नाही. तीनुसार राज्याभिषेकाचा दिवस २३३२६४३, तर पानिपतचा २३६४२६६ आहे. क्रम व अंतर या संख्येवरून काढावे आणि वाचकास दाखवताना हवी ती कालगणना वापरावी. केवळ वर्ष किंवा महिना ठाऊक असेल, तर रकाना भरण्यासाठी ‘१ जानेवारी’ लिहू नये; संभाव्य काळाचा पहिला व शेवटचा दिवस नोंदवावा.

६. निष्कर्ष

तारीख ही केवळ संख्या नसून एका विशिष्ट कालगणनेच्या आधारे केलेले विधान असते. ती कालगणना नोंदवली नाही, तर विधानाचा अर्थ नष्ट होतो. छापील ग्रंथातील चूक पुढील संशोधक मूळ कागद पाहून दुरुस्त करू शकतो. परंतु सूची करताना मूळ मिती गाळून केवळ रूपांतरित तारीख ठेवली आणि कालांतराने तो कागद जीर्ण झाला, तर दुरुस्तीचा मार्गच उरत नाही. म्हणून इतिहास विभाग व संगणक विभाग यांनी सूचीचा आराखडा पहिल्या नोंदीपूर्वीच एकत्र बसून ठरवला पाहिजे. मोडी वाचणाऱ्याने मिती जपावी आणि आज्ञावली लिहिणाऱ्याने ती बदलण्यापूर्वी तिची कालगणना विचारावी, एवढी दक्षता घेतल्यास संगणक हा जंत्रीकारांच्या परंपरेचा खरा वारस ठरेल.